स्पर्धेचा वर्कआउट, आपापल्या मापाने
(जिमच्या घरगुती स्पर्धेत नाव देणाऱ्या सभासदांसाठी)

यंदा रविवारच्या स्पर्धेत 'फ्रॅन' ठेवला आहे. क्रॉसफिट या व्यायामपद्धतीतला हा जुना, नावाजलेला वर्कआउट: थ्रस्टर आणि पुल-अप, आधी २१-२१, मग १५-१५, शेवटी ९-९. थ्रस्टर म्हणजे खांद्यावर बार घेऊन पूर्ण खाली बसायचं आणि उठतानाच्या जोरावर तो थेट डोक्यावर न्यायचा. मूळ वजन पुरुषांना ४३ किलो, महिलांना सुमारे ३०.

आकडे वाचून नाव मागे घेऊ नका. फ्रॅनमध्ये खरी परीक्षा वेगाची आहे. सरावलेला खेळाडू तो तीन ते पाच मिनिटांत उरकतो, बाकीच्यांनी दहाच्या आत संपवावा. तेच ४३ किलो घेऊन कुणी वीस मिनिटं बारकडे बघत उभा राहिला, तर त्याने दुसराच काहीतरी व्यायाम केला, असं आम्ही धरतो.

म्हणून वजन असं घ्या की पहिले २१ थ्रस्टर फार तर दोन-तीन दमांत निघतील. आधी कोचसमोर ताज्या अंगाने करून बघा. सलग बारा-पंधरा निघत नसतील, तर प्लेट काढा. रिकामा बारच २० किंवा १५ किलोचा असतो. तोही जड गेला तर हलके डंबेल आहेत.

पुल-अप जमत नसेल तर रिंग रो करा, म्हणजे लटकत्या कड्या धरून मागे झुकायचं आणि छाती कड्यांकडे ओढायची. पाय जितके पुढे, तितकं अवघड. पायाखाली रबरी बँड घेऊन पुल-अप केले तरी चालेल. उडी मारून पुल-अप मात्र नव्यांना देत नाही. वर जाणं सोपं, पण उतरताना अंग हळूहळू सोडत गेलं की दंडाच्या स्नायूंवर भलताच ताण येतो. अतिताणाने स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली, की मूत्रपिंडावर बेततं. हात सुजून कडक झाले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा, आम्हाला नंतर कळवा. वर्षभराच्या सुट्टीनंतर परतलेल्यांनी हे दोनदा वाचावं. मनाला जुनं वजन आठवत असतं, स्नायूंना नाही.

वयाचं म्हणाल, तर आम्ही आधी सराव बघतो. अंबाझरी तलावावर रोज तासभर झपाझप चालणाऱ्या काकू पंचविशीतल्या कितीतरी पोरांना भारी पडतात. साठीपुढच्यांनी थ्रस्टरला पूर्ण खाली न बसता मागे ठेवलेल्या बॉक्सला टेकून उठावं आणि १५-१२-९ करावं. श्वास रोखून वजन उचलू नये. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकरने, नाडी फारशी चढतच नाही, तेव्हा मनगटी घड्याळावर विसंबू नका. एखादं वाक्य बोलणंही जमेना, तर थांबा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी येऊ नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं आधी तंत्र बघू, वजन मग.

स्केल केलं, म्हणजे वजन किंवा व्यायाम आपल्या मापाने हलका केला, म्हणून कमीपणा नाही. क्रॉसफिट ओपन या दरवर्षीच्या जागतिक स्पर्धेतही २०१५ पासून स्केल्डची वेगळी यादी लागते, आपल्याकडेही लागेल.

नागपूरचं ऊन बघता पहिली तुकडी सकाळी सहाला. कूलर लावतो, पण त्याच्यापुढे गर्दी करू नका. तर्री-पोहे नंतर.

कोणतं वजन घेणार ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कोचकडे नोंदवा. रविवारी ते कमी करता येईल, वाढवता येणार नाही.