हस्तिदंत गेला, सरस राहिला

व्हीगन, म्हणजे प्राणिज पदार्थ टाळणाऱ्या माणसाने पियानो घ्यायचं ठरवलं की पहिली शंका येते ती पट्ट्यांची. हस्तिदंत तर नसेल ना? नव्या पियानोपुरती ही शंका आता निकालात निघाली आहे. आफ्रिकी हत्तींच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं १९८९ साली ठरलं, आणि त्याआधीच बहुतेक कारखाने प्लॅस्टिककडे वळले होते. झाकणाच्या आत काय आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तिथे मेंढीच्या लोकरीने मढवलेल्या ८८ हातोड्या असतात, तारांचा आवाज थांबवणारे लोकरीचेच डँपर असतात, अधूनमधून कातड्याचे तुकडे असतात. लाकडी सांध्यांमध्ये जनावरांच्या कातड्या-हाडांपासून शिजवलेला सरसही असू शकतो.

१९४४ साली इंग्लंडमध्ये ‘व्हेगन सोसायटी’ स्थापन झाली. प्राण्यांचं शोषण टाळावं, ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितपत’, असं तिच्या व्याख्येत म्हटलं आहे. वाद्यांच्या बाबतीत हे ‘शक्य’ कुठे संपतं, ते नीतीपेक्षा पदार्थविज्ञान जास्त ठरवतं. प्राणिज पदार्थ वाद्यात नेमकं कुठलं काम करतो हे कळलं की पर्याय सापडतो. एकच पदार्थ एकाच वेळी चार कामं करत असेल, तर घोडं अडतं.

वाद्यातले बहुतेक प्राणिज पदार्थ दोनच प्रथिनांच्या घरातले आहेत. कातडं, आतडं, सरस हे कोलॅजेनचे प्रकार. हाडातही कोलॅजेनच, फक्त खनिजाने कडक झालेलं. केस, लोकर, शिंग, पिसं, कासवाची पाठ हे सगळं केराटीन.

तारांचा प्रश्न सर्वात आधी सुटला. व्हायोलिन-गिटारच्या तारा शतकानुशतकं मेंढी-बकरीच्या आतड्यापासून वळल्या जात. दुसऱ्या महायुद्धात हा माल शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागला आणि वादकांची पंचाईत झाली. तेव्हा न्यूयॉर्कमधले वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, नामवंत गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियांनी त्या वाजवल्या, आणि शास्त्रीय गिटारवरून आतडं जवळजवळ हद्दपार झालं. यामागचा हिशोब सोपा आहे. लांबी आणि ताण तोच ठेवून तोच स्वर हवा असेल, तर तारेचं दर सेंटिमीटरला वजनही तेच लागतं. आतड्याची घनता सुमारे १.३, नायलॉनची सुमारे १.१, म्हणजे नायलॉनची तार साधारण ९ टक्के जाड घ्यावी लागते. जाडी वाढली की तार वाकायला जास्त विरोध करते आणि तिचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत उठणारे उंच सूर, मंदावतात. गिटारवाल्यांची तिसऱ्या तारेबद्दलची ‘बद्द वाजते’ ही कायमची तक्रार इथूनच येते. वादक ज्यांना ‘कार्बन’ म्हणतात त्या फ्लुरोकार्बन तारांची घनता १.८च्या आसपास असते. त्या नायलॉनपेक्षा बारीक होतात आणि अधिक खणखणीत बोलतात. आतड्याच्या घनतेशी मुद्दाम जुळवलेल्या कृत्रिम ताराही मिळतात. घनता, लवचीकता आणि आतलं घर्षण एवढंच जुळवायचं होतं, ते जमलं.

ड्रमची गोष्टही अशीच. कातडं हवेतला दमटपणा पितं आणि सैल पडतं. पावसाळी हवेत वादकाला पडदा तापवत बसावं लागतं. १९५७च्या सुमारास पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचे पडदे बाजारात आले आणि ड्रमवाल्यांनी ते भूतदयेपोटी नव्हे, वैतागापोटी उचलले. पॉलिएस्टर कातड्यापेक्षा कमी ऊर्जा शोषतं, म्हणून आवाज अधिक तीक्ष्ण येतो आणि जास्त घुमतो. रॉक संगीताला ते पथ्यावरच पडलं.

तबला मात्र इतक्या सहज ऐकत नाही. साध्या गोल पडद्याची कंपनं एकमेकांच्या पूर्णांकी पटीत नसतात; मूळ कंपनानंतरची १.५९ पट, २.१४ पट अशी वेडीवाकडी येतात, त्यामुळे ढोलाला नेमका सूर नसतो. तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई ही कंपनं ओढून जवळजवळ पूर्णांकी पटीत आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्येच दाखवलं. म्हणजे इथे कातडं नुसता पडदा नाही. त्यावर थरावर थर घोटलेली शाई त्याने धरून ठेवायची, बोटाखाली योग्य तेवढं दबायचं आणि किनारीच्या कातड्याशी मिळून नको ते स्वरांश दाबायचे. कृत्रिम पुडीचे तबले-मृदंग तयार झाले आहेत आणि वाजतातही. पण ड्रमसारखी सरसकट पालट इथे झालेली नाही.

गज हा सर्वात जास्त गैरसमजांचा विषय. व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस लावलेले असतात. केसावरच्या सूक्ष्म खवल्यांमुळे तार खेचली जाते, असं अजून सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात खरं काम राळ करते, आणि ती पाइनच्या झाडाची. राळ तारेला चिकटते, गज तिला ओढत नेतो, ताण वाढला की तार निसटते, पुन्हा पकडली जाते. सेकंदाला शेकडो वेळा. निसटताना घर्षणाने राळेचा अतिपातळ थर तापून मऊ होतो आणि पकडीच्या क्षणी पुन्हा घट्ट होतो. बिनाराळेचा कोरा केस तारेवरून जवळपास मुका सरकतो. तेव्हा कृत्रिम केसाने राळ नीट धरली की झालं, असं तत्त्व. वादक त्याच्या पकडीबद्दल कुरकुरतात, पण दमट हवेत तो घोड्याच्या केसासारखा लांबत नाही. ‘शेपटीचे केस तर कापूनच घेतात, त्यात काय’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की बाजारातला बराचसा माल कत्तलखान्यांतून येतो.

आता सरस. कातडी आणि हाडं पाण्यात मंद शिजवली की कोलॅजेनची तीनपदरी वीण उसवते आणि जिलेटीन उरतं. साधारण ६० अंश सेल्सिअसला ते पातळ करून सांध्याला लावतात. गार होताना ते जेलीसारखं थिजतं, मग वाळताना आकसतं आणि लाकडाचे दोन तुकडे आपसूक जवळ ओढतं. वाळलेला सरस काचेसारखा कडक असतो. कारागिरांना तो आवडतो त्याचं कारण मात्र मजबुती नाही, नेमक्या वेळी हार मानणं हे आहे. व्हायोलिनचं लाकूड हवेतल्या ओलाव्याने आडवं फुगतं-आकसतं. तेव्हा पातळ लावलेला सरस आधी सुटतो आणि लाकूड तडकण्यापासून वाचतं. दुरुस्तीची वेळ आली की कारागीर पातळ सुरी सांध्यात सरकवतो, थेंबभर अल्कोहोल सोडतो. अल्कोहोल सरसातलं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं, सांधा ठिसूळ होतो आणि ‘टक्’ असा आवाज करत उकलतो. लाकडाचा कपचाही निघत नाही. नवा सरस जुन्या सरसाला धरतो, त्यामुळे तेच व्हायोलिन तीनशे वर्षं उघडता-मिटता येतं.

सुताराचा पांढरा किंवा पिवळा कृत्रिम गोंद याहून घट्ट धरतो, पण सततच्या ताणाखाली हळूहळू सरकू शकतो. पोलादी तारांच्या गिटारवर एकूण ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो, तेव्हा ही बाब किरकोळ नाही. शिवाय एकदा लावलेला हा गोंद उकलायला त्रास देतो आणि जुन्या थरावर नवा थर धरत नाही. तरी कारखान्यातल्या बहुतेक गिटारी त्यानेच जोडलेल्या असतात, कारण तो भांड्यात गरम ठेवावा लागत नाही. यातून एक गमतीदार उलटापालट होते: साधी कारखान्यातली गिटार नकळत व्हीगन असण्याची शक्यता जास्त, आणि ‘पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेली’ अशी जाहिरात असेल तिथे सरसाची शंका घ्यावी. व्हायोलिनमध्ये हे जमवायला खास प्रयत्न लागतात. इंग्लंडमधल्या एका कारागिराने ते करून २०२०मध्ये व्हेगन सोसायटीची नोंदणी मिळवली.

माझ्या मते खरा अडसर पियानोची हातोडी हाच आहे. गजाच्या केसावरच्या खवल्यांना फुकटचं श्रेय मिळतं, पण लोकरीच्या तंतूवरचे खवले ते खरंच कमावतात. ओलावा, उष्णता आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि दाट फेल्ट तयार होतं. हातोडी तारेवर हळू आदळली तर फेल्टचा वरचा मऊ थरच दबतो आणि स्वर मवाळ येतो. जोरात आदळली तर आतला थर दाबला जातो, आणि दाबला जाताना तो झपाट्याने कडक होतो. तारेत वरचे स्वरांश भरभरून उठतात. म्हणून जोरात वाजवलेला पियानो नुसता मोठा नाही, वेगळाच वाजतो. तंत्रज्ञ सुया टोचून हा कडकपणा हातोडीगणिक जुळवतो, तारांनी पाडलेले चरे घासून काढतो. मऊपणा, कडकपणा, टिकाऊपणा, सुईला दाद देणं, सगळं एकाच पदार्थाकडून हवं. कृत्रिम तंतूंना असे खवले नसल्याने त्यांचं फेल्ट काटेरी सुयांनी गुंतवून करावं लागतं, आणि ते या कामात लोकरीची जागा घेऊ शकलेलं नाही. कडक व्हीगन पियानोवादकाला सध्या डिजिटल पियानोच जवळचा. पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य असलेल्या हार्पसिकॉर्डची तार छेडणारी कावळ्याच्या पिसाची नखी मात्र विसाव्या शतकात प्लॅस्टिकने सहज बदलली. तिथे काम एकच होतं, वाकून सुटायचं.

बाकीचं भराभर. सॅक्सोफोनची भोकं झाकणाऱ्या पॅडवर कातडं असतं आणि खाली लोकरीचं फेल्ट. कृत्रिम पॅड मिळतात. सनई-क्लॅरिनेटच्या जिभाळ्या गवतवर्गी वनस्पतीच्या, त्यांची चिंता नाही. क्लॅरिनेटसारख्या वाद्यांच्या सांध्यांवरच्या कॉर्कला लावायच्या ग्रीसमध्ये चरबी किंवा लोकरीचं मेण असू शकतं. जुन्या अकॉर्डियनच्या सूर देणाऱ्या धातूच्या पत्त्या मधमाश्यांच्या मेणात बसवलेल्या असतात. लाखेचं पॉलिश किड्याच्या स्रावाचं. विख्यात व्हायोलिनकारागीर स्ट्रॅडिव्हारीचं बहुचर्चित वॉर्निश मात्र मुख्यतः जवसाचं तेल आणि पाइनची राळ यांचं होतं, असं २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत आढळलं.

वाद्य घेताना ‘हे व्हीगन आहे का’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. सांधे कशाने जोडलेत, पॉलिश कसलं, नट आणि सॅडल (गिटारच्या तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या) हाडाचे की कृत्रिम, पॅड कशाचे, असं सुटंसुटं विचारावं. जुनी गिटार घेतली असेल तर हाडाचा नट कोणताही दुरुस्ती करणारा बदलून देतो. लाखेचं पॉलिश मात्र खरवडून काढायच्या भानगडीत पडू नये. वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते आणि घासताना लाकूडही जातं.