हॅरी केन: सुरुवातीची वर्षं आणि चार लोन

हॅरी केन (जन्म २८ जुलै १९९३, वॉल्थमस्टो, लंडन) हा इंग्लंडचा स्ट्रायकर. आता सगळे त्याला गोलांचं मशीन म्हणतात पण विसाव्या वर्षापर्यंत तो टॉटनहॅमचा (लंडनचा एक मोठा क्लब) असा एक पोरगा होता ज्याला दर सीझनला कुठेतरी पाठवून द्यायचे. ही नोंद त्याच काळाबद्दल आहे.

फुटबॉलमधलं लोन म्हणजे खेळाडू उसना देणं. करार मूळ क्लबचाच राहतो, काही महिने तो दुसऱ्यांकडे खेळतो, पगाराचं दोन्ही क्लब आपसात ठरवतात. तरुण पोरांना मोठ्या क्लबात मिनिटं मिळत नाहीत म्हणून हा उद्योग.

केन वाढला चिंगफर्डमध्ये, रिजवे रोव्हर्स या लोकल टीमकडून खेळायचा (डेव्हिड बेकहॅमही लहानपणी तिथलाच). आठव्या वर्षी आर्सेनलने अकॅडमीत घेतला आणि एका सीझनमध्येच सोडून दिला. पुढे थोडा वॉटफर्ड, आणि २००४ मध्ये टॉटनहॅम. तेव्हा तो मिडफिल्डला खेळायचा, फार फास्ट नव्हता, अंगापिंडानेही उशिरा भरला. जुलै २०१० मध्ये पहिला प्रोफेशनल करार झाला.

पहिलं लोन लेटन ओरिएंट, जानेवारी २०११. क्लब थर्ड डिव्हिजनमधला, म्हणजे लीग वनचा, आणि ग्राउंड त्याच्या घराच्या भागातच. रॉचडेलविरुद्ध सब (बदली खेळाडू) म्हणून पदार्पण, पुढच्याच आठवड्यात शेफील्ड वेन्सडेविरुद्ध पहिला गोल, एप्रिलमध्ये हडर्सफील्डविरुद्ध दोन पिवळी कार्डं घेऊन बाहेर. लीगचे १८ सामने, ५ गोल. सतरा वर्षांच्या पोरासाठी ठीकठाक.

ऑगस्ट २०११ मध्ये टॉटनहॅमच्या सिनियर टीमकडून पहिला सामना, युरोपा लीगमध्ये हार्ट्सविरुद्ध. पेनल्टी त्यानेच मिळवली, त्यानेच मारली आणि गोलकीपरने अडवली! पुढे पेनल्टीचा बादशाह झालेल्या माणसाची ही सुरुवात. डिसेंबरमध्ये शॅमरॉक रोव्हर्सविरुद्ध क्लबसाठी पहिला गोल आला.

जानेवारी २०१२ ला मिलवॉल, सोबत टॉटनहॅमचाच रायन मेसन. चारही लोनमध्ये माझ्या मते खरं वजन याच लोनला आहे. टीम चॅम्पियनशिपच्या, म्हणजे सेकंड डिव्हिजनच्या, तळाशी अडकलेली, रेलिगेशनची (खालच्या डिव्हिजनला घसरण्याची) भीती, आणि मिलवॉलचे फॅन काही लाड करणारे नाहीत, हातपाय गाळणारा खेळाडू तिथे पाच मिनिटंही चालत नाही. मॅनेजर केनी जॅकेट. तिथे सेंटर बॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) कोपरांना तोंड देत, गोलकडे पाठ करून बॉल राखून उभं राहणं त्याला जमलं. सगळ्या स्पर्धा मिळून २७ सामन्यांत ९ गोल, टीम वाचली, आणि तो क्लबचा त्या सीझनचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला.

आता गाडी सुटली असं वाटेपर्यंत पंक्चर. ऑगस्ट २०१२ च्या शेवटी नॉर्विच सिटी, थेट प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनला. वेस्ट हॅमविरुद्ध शेवटी शेवटी उतरला, समोर फक्त कीपर, आणि चान्स घालवला. मग डॉनकास्टरविरुद्ध लीग कपमध्ये पायाचं हाड मोडलं. लीगचे ३ सामने, गोल शून्य.

फेब्रुवारी २०१३ ला टॉटनहॅमने परत बोलावून त्याच महिन्यात लेस्टरला पाठवला. नायजेल पिअर्सनच्या टीममध्ये जागा पक्की झालीच नाही, लीगच्या १३ सामन्यांत २ गोल. प्लेऑफ (प्रीमियर लीगमध्ये जाण्यासाठीचे सामने) सेमीफायनलमध्ये वॉटफर्डविरुद्ध दोन्ही लेगला, म्हणजे दोन्ही सामन्यांत, तो सब. त्याच दुसऱ्या लेगच्या इंजुरी टाइममध्ये लेस्टरच्या नोकार्टची पेनल्टी अडवली गेली आणि काही सेकंदांत वॉटफर्डच्या डीनीने दुसऱ्या टोकाला गोल केला, लेस्टर बाहेर. केन आणि जेमी वार्डी लेस्टरच्या बेंचवर शेजारी बसलेत असा एक फोटो नेटवर फिरत असतो तो याच काळातला, वार्डी पुढे प्रीमियर लीग चॅम्पियन झाला आणि केनने तीन गोल्डन बूट (सीझनमध्ये सर्वाधिक गोलांचं बक्षीस) जिंकले. तेव्हा मात्र चॅम्पियनशिपच्या टीममध्येच जागा नाही तर टॉटनहॅममध्ये कशी मिळणार असा प्रश्न आपल्याला पडायचा, हे केनने नंतर स्वतः सांगितलंय.

चार लोन, १६ गोल. आकडा बघून कोणी म्हणणार नाही की हा पुढे टॉटनहॅमसाठी २८० गोल करेल. "लोनमुळेच घडला" असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही, नॉर्विच आणि लेस्टरला तो जास्त करून बसूनच होता. टिम शेरवूड टॉटनहॅमचा मॅनेजर झाल्यावर ७ एप्रिल २०१४ ला संडरलंडविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं, त्यात गोल केला, आणि २०१४-१५ मध्ये नवा मॅनेजर पोचेटिनोच्या हाताखाली ३१ गोल ठोकले. त्यानंतर लोनचा विषय संपला.

ओरिएंटला मात्र तो विसरला नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात त्याने क्लबच्या शर्टची स्पॉन्सरशिप स्वतः घेतली आणि शर्टवर स्वतःचं नाव टाकण्याऐवजी होम शर्टवर फ्रंटलाइन कामगारांचे आभार छापले, बाकीच्या दोन शर्टांवर गंभीर आजारी मुलांची काळजी घेणारं एक हॉस्पिस आणि मानसिक आरोग्यावर काम करणारी एक संस्था.