लिफ्टची एएमसी: काम लपलंय की माहिती?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला बसा. लिफ्टच्या एएमसीचा, म्हणजे देखभालीच्या कराराचा विषय निघाला की ‘एजन्सीने फसवलं’ हे ऐकू येणारच. पण या फसवणुकीचे दोन प्रकार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

सर्व्हिस कार्डावर दर महिन्याला सही होते, गच्चीवरच्या मशीन रूमच्या कुलपावरची धूळ मात्र हललेली नसते. करार झाल्यावर काम नीट होतंय का, हे दिसत नाही: हा मॉरल हॅझर्ड. याउलट, लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरचा जाणकार माणूसच स्वतःकडे नाही, हे एजन्सीला कोटेशन देतानाच ठाऊक असतं आणि कमिटीला नसतं. ही खासगी माहिती. अशाने चांगला माल बाजारातून हटतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणाने दाखवलं. डोळे मिटून सगळ्यात स्वस्त कोटेशन उचलणाऱ्या कमिट्या त्याला हातभारच लावतात.

मॉरल हॅझर्डवर उपाय म्हणजे पैसे निकालाशी बांधणं: लिफ्ट जितके तास बंद, तितकी कपात. मात्र महावितरणची वीज गेल्याने लिफ्ट थांबली तर दंड नको. मेहनतीबद्दल काही सांगणारी खूणच मोबदल्यात धरावी, हा अर्थशास्त्रज्ञ बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांचा 1979 चा निष्कर्ष. माहितीच्या बाबतीत दंडाने भागत नाही. तिथे दोन पर्याय समोर ठेवायचे. सुटे भाग धरून जादा रक्कम, किंवा भाग वगळून कमी. स्वतःच्या कामाची खात्री असलेली एजन्सी सहसा पहिला घेते. गंमत अशी, की तो घेतल्यावर लिफ्टचा झिजलेला वायर रोप बदलायला तीच टाळाटाळ करू लागते, म्हणजे पुन्हा मॉरल हॅझर्ड!

करार पाच वर्षांचा असेल तर फरक आणखी ठळक होतो. काम लपलेलं असेल तर लांब मुदत उपयोगी पडते, कारण यंदाच्या निकालाचं बक्षीस पुढच्या वर्षांवर पसरता येतं. माहिती लपलेली असेल तर तीच मुदत अंगाशी येऊ शकते. पहिल्या वर्षी एजन्सीने कमी खर्चात काम करून दाखवलं की कमिटी लगेच दर पाडायला बघते. मग शहाणी एजन्सी खर्च कमी होऊ शकतो हे दाखवतच नाही. त्यात मधेच निवडणूक होऊन नवी कमिटी येते, आणि जुन्या सेक्रेटरीच्या तोंडी शब्दाला कोण विचारतो? म्हणून माझ्या मते, मुदतीत दर पुन्हा उघडणार नाही, हे कलम दंडाच्या कलमाआधी लिहून घ्यावं.