टूर मॅनेजर जोडपं म्हणजे फुकटात युरोप? अजिबात नाही!
नवरा-बायको दोघं टूर मॅनेजर असले की लोक लगेच म्हणतात, मजा आहे यांची, पगार घेऊन जोडीनं जग फिरतात. अहो, असं नसतं! एका बसला बहुतेक वेळा एकच टूर मॅनेजर पुरतो, त्यामुळे मे महिन्याच्या सीझनला हा स्वित्झर्लंडला तर ती हिमाचलला, आणि मुलं आजीकडे. एकाच ग्रुपवर असले तरी एकजण चेक-इन आणि रूमच्या चाव्यांत, दुसरा डोकी मोजण्यात. त्यात युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, कायदाच आहे तसा, दिवसाचे तासही ठरलेले, म्हणजे कुणी शॉपिंगमधून उशिरा आलं की पुढचं सगळं वेळापत्रक यांनीच परत बसवायचं, आणि रात्री कुणाचं पोट बिघडलं तरी फोन यांनाच. खरंच खूप मेहनतीचं काम आहे हे.