कोन्युंक्टूर (जर्मन अर्थशास्त्रीय संज्ञा)

कोन्युंक्टूर : जर्मन भाषेतील स्त्रीलिंगी नाम. देशाच्या अर्थव्यवस्थेची त्या त्या वेळची एकूण स्थिती आणि तिचा चढता वा उतरता कल, असा त्याचा आजचा अर्थ आहे. मराठी अर्थशास्त्रीय लेखनात रूढ असलेली ‘व्यापारचक्र’ ही संज्ञा त्याला जवळची असली, तरी समानार्थी म्हणता येत नाही. व्यापारचक्र म्हणजे तेजी-मंदीचा पूर्ण फेरा. कोन्युंक्टूर म्हणजे त्या फेऱ्यात गाडी आज कुठवर आली आहे ते. पूर्ण फेऱ्यासाठी जर्मनमध्ये ‘कोन्युंक्टूरत्सीक्लुस’ असा निराळा सामासिक शब्द आहे.

लिंग व रूप : शब्दाचे लिंग त्याच्या शेवटावरून ओळखता येते. लॅटिनमधील ‘-उरा’ या स्त्रीलिंगी प्रत्ययाचे जर्मनमध्ये ‘-ऊर’ झाले आणि लिंग तेच राहिले (जर्मनमध्ये नामाआधी येणारे उपपद लिंग सांगते : पुल्लिंगी डेअर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास) : डी नाटूर (निसर्ग), डी कुल्टूर (संस्कृती), डी फिगूर (आकृती), त्याचप्रमाणे डी कोन्युंक्टूर. या नियमाला अपवाद थोडे आहेत. डास आबिटूर (शालान्त परीक्षा) आणि डास फुटूर (भविष्यकाळ) ही नपुंसकलिंगी नामे त्यांत येतात. पैकी फुटूरचे मूळ ‘फुतुरुम’ या लॅटिन नपुंसक रूपात आहे. अनेकवचन कोन्युंक्टूरेन होते, पण अर्थशास्त्रात ते क्वचितच लागते. रोमन लिपीतील ‘जे’चा उच्चार येथे ‘य’ असा होतो आणि आघात शेवटच्या अक्षरावर पडतो.

मराठीभाषकाला तीन लिंगांचे नवल नसते, पण घरच्या लिंगांचा येथे भरवसा धरता येत नाही. बाजार आणि डेअर मार्क्ट दोन्ही पुल्लिंगी निघतात हा योगायोग. पैसा पुल्लिंगी तर डास गेल्ट नपुंसक. खरी फसगत मात्र विभक्तीत होते. ‘इन डेअर कोन्युंक्टूर’ असे वाचले की शिकणारा ‘डेअर’ पाहून नाम पुल्लिंगी ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो स्त्रीलिंगी उपपदाचाच चतुर्थीतला (डाटिव्हमधला) अवतार असतो. डेअर कोन्युंक्टिव्ह (क्रियापदाचे शक्यता वा कल्पना दाखवणारे रूप) आणि डी कोन्युंक्टिओन (उभयान्वयी अव्यय, खगोलशास्त्रात युती) ही त्याच मुळाची भावंडे पहिल्या वर्षात हमखास एकमेकांच्या जागी बसतात.

व्युत्पत्ती : मूळ मध्ययुगीन लॅटिन ‘कोन्युंक्तूरा’ (जोड, जुळणी), आणि त्यामागे ‘युंगेरे’ (जोडणे) हा धातू, एवढ्यावर दुमत नाही. हा धातू संस्कृत ‘युज्’चा सगोत्र आहे, म्हणजे कोन्युंक्टूर आणि योग एकाच घराण्यातले. बैलाच्या मानेवरचे मराठी जू (संस्कृत युग), लॅटिन ‘युगुम’ आणि जर्मन ‘योख’ हीही त्याच कुळातली. ‘युती’ मात्र ‘यु’ या धातूपासून येते. तो युज्‌शी संबंधित असावा असे मानतात.

वाद आहे तो शब्द जर्मनमध्ये कोणत्या वाटेने आला याचा. कोशकारांत रूढ असलेले मत ज्योतिषाकडे बोट दाखवते : एका राशीत ग्रह एकत्र येणे आणि त्याचा माणसांच्या नशिबावर होणारा परिणाम, हा पहिला अर्थ, त्यावरून ‘परिस्थितीचा जुळून आलेला योग’, आणि पुढे व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘धंद्याला अनुकूल वा प्रतिकूल काळ’. जर्मन मुलखात ग्रहयुतींचा धसका किती मोठा होता, याची साक्ष १५२४ सालची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मीन राशीत अनेक ग्रहांच्या युती होणार, असे जर्मन ज्योतिर्विद योहानेस श्ट्योफ्लर याच्या १४९९ च्या पंचांगात आले होते. मीन ही जलराशी, तेव्हा जलप्रलय होणार अशी भाकिते सांगणाऱ्या पुस्तिकांचा पाऊस पडला. प्रलय काही आला नाही.

या मताला एक अडचण आहे. ज्योतिषाची पारिभाषिक संज्ञा ‘कोन्युंक्तिओ’ अशी होती आणि जर्मनमध्ये ती कोन्युंक्टिओन म्हणून आजही टिकून आहे. मग त्याच अर्थासाठी ‘-ऊर’ शेवटाचे दुसरे रूप का यावे? फ्रेंचमध्ये ‘कोंझोंक्त्यूर’ हे त्याच घडणीचे स्त्रीलिंगी नाम ‘प्रसंग, परिस्थिती’ या अर्थाने होते आणि सतराव्या शतकात जर्मन दरबारी भाषेवर फ्रेंचची छाप मोठी होती. जर्मनमधील पहिले वापरही साधारण त्याच शतकातले धरतात. रूप फ्रेंचच्या वळणाने आले आणि त्यात ग्रहांचा अर्थ आधीच भिनलेला होता, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. व्यापारी अर्थ स्थिरावला तो बहुधा अठराव्या शतकात.

अर्थविकास : शास्त्रीय संज्ञा म्हणून शब्दाला वजन आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेव्हाही त्यात चक्राची कल्पना मुख्य नव्हती. जर्मन समाजवादी नेता फेर्डिनांड लासाल याने १८६४ मध्ये, स्वकष्टाने भांडवल साठवण्याची शिकवण देणाऱ्या उदारमतवाद्यांवर टीका करताना, माणसाचे आर्थिक नशीब त्याच्या हातात नसलेल्या परिस्थितीच्या जाळ्यावर ठरते असे मांडले आणि त्या जाळ्याला हेच नाव दिले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आडोल्फ वाग्नर याने पुढे त्याची रीतसर व्याख्या केली : मालकाच्या इच्छेवाचून वस्तूचे मोल बदलणाऱ्या तांत्रिक, आर्थिक, सामाजिक व कायदेशीर घटकांची बेरीज. माळरानाजवळून रेल्वे गेली आणि मालकाने कुदळ न मारता भाव दसपट झाला, तर तो ‘कोन्युंक्टूरेनगेविन’, म्हणजे परिस्थितीने पदरात टाकलेला नफा. ग्रहांची जागा रेल्वेने घेतली, इतकेच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चढउतारांच्या अभ्यासाने हा अर्थ मागे टाकला. रशियन अर्थशास्त्रज्ञ निकोलाय कोंद्रात्येव्ह याची मॉस्कोतील संस्था (१९२०), एर्न्स्ट वागेमान याची बर्लिनमधील (१९२५), ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फोन मीझेस व फ्रीड्रिख हायेक यांची व्हिएन्नातील (१९२७) आणि झुरिकमधील (१९३८) अशा चारही संशोधनसंस्थांच्या नावांत हा शब्द होता. बर्लिनच्या संस्थेने तो १९४१ मध्ये सोडला. झुरिकच्या संस्थेने अजून ठेवला आहे. कोंद्रात्येव्हचा अर्थव्यवस्थेतील दीर्घ लाटांवरील निबंध १९२६ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातही ‘कोन्युंक्टूर’ होती. तो स्वतः १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीत मारला गेला.

वापर : कोन्युंक्टूर ‘गुणगुणते’ (जोरात असते), ‘लंगडते’, ‘थंडावते’, ‘तापते’. सरकारने तिला चालना देणे म्हणजे ‘आनकुर्बेल्न’, शब्दशः हँडल मारून सुरू करणे, जुन्या मोटारीसारखे. वृत्तपत्रांत ‘कोन्युंक्टूरच्या आकाशात ढग’ दाटतात आणि संस्था ‘कोन्युंक्टूरबारोमेटर’ प्रसिद्ध करतात. विशेषणाशिवाय शब्द बहुधा चांगल्या बाजूला झुकतो : एखाद्या गोष्टीला ‘कोन्युंक्टूर आहे’ म्हणजे तिला सध्या मागणी आहे. वाऱ्याची दिशा पाहून पाठ फिरवणाऱ्या संधिसाधूला ‘कोन्युंक्टूररिटर’, म्हणजे कोन्युंक्टूरचा सरदार, म्हणतात. इटालियनमध्ये उलट घडले; १९६० च्या दशकातील मंदीत ‘कोंजुंतूरा’ म्हणजे वाईट दिवस असाच अर्थ लोकांच्या तोंडी बसला.

समासात लिंग शेवटच्या पदाचे : डास कोन्युंक्टूरपाकेट (अर्थव्यवस्थेला चालना देणारी सरकारी योजना), डेअर कोन्युंक्टूरत्सीक्लुस. कोन्युंक्टूरपुढे जोडणारा ‘स’ येत नाही. पश्चिम जर्मनीच्या ८ जून १९६७ च्या स्थैर्य व वाढ कायद्याने रूढ केलेला ‘कोन्युंक्टूरआउसग्लाइश्सर्‍यूकलागे’ हा शब्द सरावासाठी उत्तम आहे. कोन्युंक्टूर, आउसग्लाइश (समतोल), जोडणारा ‘स’ आणि र्‍यूकलागे (राखीव निधी) असा त्याचा विग्रह. शेवटचे पद स्त्रीलिंगी म्हणून सगळा शब्द स्त्रीलिंगी. तेजीत सरकारने पैसा मध्यवर्ती बँकेत बाजूला ठेवायचा आणि मंदीत काढायचा, अशी ही तरतूद. अर्थमंत्री कार्ल शिलर यांच्या काळातली. २००९ च्या पाकेटमध्ये किमान नऊ वर्षे जुनी मोटार भंगारात देऊन नवी घेणाऱ्याला २,५०० युरो मिळत. त्या योजनेचे बोलीतले नाव ‘आबव्राकप्रेमिए’ त्या वर्षीचा शब्द म्हणून निवडले गेले. २०२० चे पाकेट सुमारे १३० अब्ज युरोंचे होते.

मराठी पर्याय : ‘तेजी-मंदी’ हा द्वंद्व समास दोन्ही टोके सांगतो, मधली अवस्था सांगत नाही. ‘आर्थिक स्थिती’ निर्जीव वाटते, कारण तिच्यात हालचाल नाही. अर्थाच्या जवळ जातो तो ‘ग्रहमान’ हा शब्द, पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो कोणी छापणार नाही. आपल्या पंचांगांच्या संवत्सरफलात मात्र धान्येश, रसेश, मेघेश यांच्यावरून धान्याच्या भावाचे आणि पावसाचे अंदाज अजूनही छापतात.