वाढत्या हाडांचा तेलातुपाशी संबंध

मुलांच्या हाडांचा विषय निघाला की बोलणे दूध आणि कॅल्शियमपाशी थांबते; शेवभाजीवर तरंगणाऱ्या तर्रीचाही हाडांशी संबंध असेल, असे जळगाव-धुळ्याकडे सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्निग्ध पदार्थ अजिबात टाळणे मात्र चुकीचे ठरेल. १९२९ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांशविरहित आहार दिला तेव्हा त्यांची वाढ खुंटली, आणि काही मेदाम्ले (स्निग्ध पदार्थ ज्यांचे बनतात ती आम्ले) आहारातूनच मिळवावी लागतात हे स्पष्ट झाले. शिवाय ‘ड’ आणि ‘के’ ही हाडांना लागणारी जीवनसत्त्वे स्निग्धांशातच विरघळतात.

प्रश्न अतिरेकाचा आणि प्रकाराचा आहे. अस्थिमज्जेतील एकाच मूळपेशीपासून हाड घडवणारी पेशी बनू शकते किंवा चरबी साठवणारी. पीपीएआर-गॅमा या प्रथिनाला मेदाम्ले चिकटली की कल चरबीकडे झुकतो. अतिस्निग्ध आहारावर वाढलेल्या कोवळ्या उंदरांच्या हाडांतील जाळीदार भाग, वजन वाढूनही, विरळ झालेला आढळतो, त्यामागे हे एक कारण आहे. उंदरांचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे अर्थात ओघाने आलेच.

आतड्यात घडते ते याहून रंजक आहे. स्निग्धाच्या रेणूत ग्लिसरॉल या कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात, एक मधे आणि दोन कडेला. पचनात सुटी झालेली संपृक्त मेदाम्ले (तूप, पामतेल यांत भरपूर असणारा प्रकार) कॅल्शियमशी जोडली जाऊन न विरघळणारा साबण तयार होतो (होय, रसायनशास्त्राच्या अर्थाने साबणच) आणि ते कॅल्शियम शौचावाटे निघून जाते. आईच्या दुधातील पामिटिक आम्ल हे संपृक्त मेदाम्ल बहुतांशी ग्लिसरॉलच्या मधल्या जागी असते; पचनात कडेची आम्ले सुटतात, मधले मात्र ग्लिसरॉलसह शोषले जाते. पामतेलात हेच आम्ल मुख्यतः कडेला असते, म्हणून पामतेलयुक्त डब्याच्या दुधावरील बाळांत कॅल्शियमचे शोषण कमी आढळले आहे.

जळगाव-धुळ्याच्या कापूस पट्ट्यातील सरकीच्या तेलात सुमारे निम्मे लिनोलेइक हे ओमेगा-६ मेदाम्ल असते. त्यापासून शरीरात बनणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे संप्रेरकासारखे द्रव्य थोडे असेल तर हाडाच्या बांधणीला चालना देते, जास्त झाले तर झीज वाढवते. ओमेगा-६चा हा अतिरेक आवरणारे ओमेगा-३ मेदाम्ल सरकीप्रमाणेच शेंगदाण्याच्या तेलातही जवळजवळ नसते. म्हणूनच कळण्याच्या भाकरीसोबतची जवसाची चटणी मला केवळ तोंडी लावणे वाटत नाही: जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ मेदाम्ल असते. अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात, आणि कुटलेल्या जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते. त्यामुळे चटणी थोडी थोडीच कुटावी.