ग्रीनलंडमध्ये शिकारी-मच्छिमाराचा व्यवसाय परवाना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

ग्रीनलंडमधल्या छोट्या मच्छिमारांची आणि शिकाऱ्यांची संघटना म्हणजे केएनएपीके. पूर्ण नाव ‘कालाल्लित नुनानी आलिसार्तुत पिनियार्तुल्लु काट्टुफियात’. मुख्य कार्यालय राजधानी नूकमध्ये आणि किनाऱ्यावरच्या गावागावांत स्थानिक संघ. पण परवाना हवा असेल तर या संघटनेच्या दारात जाऊन उपयोग नाही. परवाना देते नगरपालिका. आपल्याकडे डिझेलचा कोटा मच्छिमार सोसायटीमार्फत येतो, म्हणून परवानाही संघटनाच देत असेल असं आपल्याला वाटू शकतं. तिथे संघटनेचं वजन वेगळ्या जागी लागतं: कोटा आणि नियम ठरवताना सरकार ज्या शिकार परिषदेचं मत घेतं, तिथे संघटनेचा माणूस बसतो. संघटनेचं सदस्यत्व हा परवान्याला पर्याय नाही.

परवाने मुख्यतः दोन. एक व्यावसायिक शिकाऱ्याचा, दुसरा हौशी शिकाऱ्याचा. दोन्हींचा पाया १९९९ चा शिकार कायदा. हौशी म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सुट्टीत रेनडिअर किंवा पक्षी मारायला जाणारा. ध्रुवीय अस्वल, आणि नार्व्हाल व बेलुगा हे थंड समुद्रातले छोटे देवमासे, यांना मात्र त्याने हात लावायचा नाही. ती शिकार फक्त व्यावसायिकाची.

व्यावसायिक परवान्यासाठी अर्जदार ग्रीनलंडमध्ये पूर्ण करपात्र हवा, तिथल्या समाजाशी त्याचा कायमचा संबंध हवा आणि लोकसंख्या नोंदणीत किमान २ वर्षं त्याचं नाव हवं. एवढं बहुतेक स्थानिकांना जमतं. खरी मेख पुढच्या अटीत आहे: एकूण उत्पन्नाचा निदान ५० टक्के भाग शिकार आणि मासेमारीतून आलेला असला पाहिजे.

उम्मानाकचा एखादा मच्छिमार घ्या. हिवाळ्यात कुत्र्यांच्या स्लेजवरून गोठलेल्या फ्योर्डवर (डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीवर) जायचं, बर्फाला भोक पाडायचं, शेकडो गळांची लांब दोरी खाली सोडायची आणि वर आलेला हॅलिबट हा चपटा मासा कारखान्यात घालायचा. त्या पैशाची पावती मिळते, ती कर खात्याच्या हिशेबात दिसते, काम झालं. हाच माणूस सील मारतो तेव्हा मांस घरच्या भांड्यात आणि कुत्र्यांच्या पुढ्यात जातं. त्याची विक्री होत नाही, पावतीही होत नाही. त्यामुळे शिकारीवरच घर चालवणाऱ्याचं कागदावरचं उत्पन्न तुटपुंजं दिसतं, आणि बायकोपोरांसाठी चार महिने पगारी काम धरलं तर टक्केवारी लगेच फिरते. माझ्या मते हा नियम पैसा मोजतो, शिकार मोजत नाही. तरी अर्ज करणाऱ्याने वाद घालण्यापेक्षा पावत्या जपाव्यात. मासे, मांस, कातडी, जे काही विकलं त्याची प्रत्येक पावती.

हातात काय असावं? नागरिक नोंदणी क्रमांक, कराचा हिशेब, विक्रीच्या पावत्या. अर्ज नगरपालिकेत करायचा. लहान वस्तीत राहत असाल तर तिथल्या वस्ती कार्यालयात चौकशी करा. ‘सुलिसिविक’ हे सरकारी सेवांचं संकेतस्थळही आहे. कारभार ग्रीनलंडिक आणि डॅनिशमध्ये चालतो, इंग्रजीच्या भरवशावर जाऊ नका.

परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, आणि नूतनीकरणात बहुतेकांची गाडी अडते ती शिकारीच्या अहवालावर. या अहवाल पद्धतीचं नाव ‘पिनियार्नेक’, ती १९९३ पासून आहे. कोणत्या महिन्यात कोणता प्राणी, किती मारले, ते शिकाऱ्याने स्वतः भरून द्यायचं. ‘काहीच मिळालं नाही, मग लिहू काय?’ हा विचार महागात पडतो. सामन माशाच्या बाबतीत तर नियम स्पष्टच आहे: २०१८ पासून घरच्यापुरता सामन धरणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि शून्य मासे मिळाले तरी शून्य कळवल्याशिवाय पुढच्या वर्षीचा परवाना नाही.

व्यावसायिक परवाना मिळाला म्हणजे सगळं समुद्र-रान मोकळं, असंही नाही. कोटा असलेल्या प्राण्यांसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. नार्व्हाल आणि बेलुगावर कोटा आला २००४ मध्ये, ध्रुवीय अस्वलावर २००६ मध्ये. अस्वलामागे स्नोस्कूटर घेऊन जाता येत नाही, आणि पिल्लं किंवा पिल्लांसोबतची मादी मारायला पूर्ण बंदी आहे. उत्तरेकडच्या कानाक भागात नार्व्हालला आधी कयाकमधून (वल्ह्याच्या अरुंद होडीतून) हाताने हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, मारावा लागतो. हार्पूनच्या दोरीला तरंगणारा फुगा बांधलेला असतो, हार्पून रुतून फुग्याने प्राण्याला धरून ठेवलं की मगच बंदूक. आधीच गोळी घातली तर जखमी प्राणी बुडून हातचा जातो.

मिंक देवमाशाचा कोटा आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाकडून येतो. २०१८ मध्ये ब्राझीलच्या फ्लोरियानोपोलिसला झालेल्या बैठकीत पश्चिम ग्रीनलंडसाठी वर्षाला १६४ मिंक ठरले. ज्याच्या बोटीवर हार्पूनची तोफ नाही त्याने एकट्याने अर्ज करून भागत नाही: रायफलने मिंक मारायचा तर किमान ५ बोटींनी मिळून जावं लागतं. आधी सोबती जमवा, मग अर्ज.

मासेमारीचा परवाना हे आणखी वेगळं खातं. डिस्को उपसागर, उम्मानाक आणि उपर्नाविक इथल्या हॅलिबटसाठी बोटीची लांबी महत्त्वाची. २०१२ पासून ६ मीटरपेक्षा मोठ्या बोटींना स्वतःचा वैयक्तिक कोटा आहे, तर छोट्या उघड्या होड्या एका सामायिक कोट्यातून मासे काढतात. सामायिक कोटा संपला की होडीवाल्याची मासेमारी थांबते, मग त्याचा परवाना चालू असो वा नसो. छोट्यांची बाजू मांडणारी संघटना लागते ती अशा वेळी.

फिरायला गेलेल्यांना यातलं काहीच लागू नाही. दोन वर्षांच्या वास्तव्याची अट असल्याने व्यावसायिक परवान्याचा प्रश्नच येत नाही. गळ टाकून चार मासे धरायचे असतील तर पाहुण्यांसाठी मुदतीचा मासेमारी परवाना असतो. तो पाण्यात गळ टाकण्याआधी घ्या. अस्वलाचं कातडं आठवण म्हणून आणायचा विचार मात्र सोडून द्या.